रोमन मातीचे दिवे: चित्र कुणाचं, साचा कुणाचा?

खापरशोध्या

रोमन दिवा म्हटलं की सिनेमातला साखळीला टांगलेला कांस्याचा दिवा आठवतो. तसे दिवे होते, पण पैसेवाल्यांकडे. बाकी सगळा कारभार मातीच्या दिव्यावर चालायचा. तळहातावर मावणारा, चपटा आणि वरून बंद. वरच्या बाजूला किंचित खोलगट गोल तबकडी, तिच्यात तेल ओतायला एक छोटं भोक, पुढे नाकाड काढल्यासारखं वातीचं तोंड आणि बऱ्याचदा मागे बोट अडकवायला कडी. तेल आत, झाकलेलं, त्यामुळे हातात घेऊन घरभर फिरलं तरी सांडायचं कमी.

मजा त्या तबकडीवर आहे. तिथे उठावाचं चित्र असतं. ढाल खाली टाकून बोट वर केलेला हरलेला ग्लॅडिएटर, चार घोड्यांचा रथ, पंख पसरलेली विजयदेवता, द्राक्षं खाणारा ससा, नाटकातले मुखवटे, डॉल्फिनवर बसलेला क्युपिड. आणि हो, शयनगृहातली दृश्यंही, भरपूर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इटलीत या चित्रांना नुसता ऊत आला होता.

आता माझा मुद्दा. ही चित्रं दाखवून 'सामान्य रोमन माणसाची कला' वगैरे लिहिलं जातं. मला ते पटत नाही. ज्या कुंभारानं दिवा भाजला त्यानं ते चित्र काढलेलंच नसायचं. ग्रीकांचे जुने दिवे चाकावर घडवलेले, पण हे चित्रवाले रोमन दिवे साच्यातले आहेत. आधी एक मूळ नमुना, त्यावरून वरचा आणि खालचा असे दोन साचे, आणि त्या साच्यातून दिवेच दिवे. कुठल्यातरी एका कसबी माणसानं एकदा हरलेला ग्लॅडिएटर कोरला, की पुढची कित्येक वर्षं, कित्येक गावांत तोच बिचारा बोट वर करून उभा!

साच्यातले दिवे काढणाऱ्या कारखान्यांतलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे फोर्टिस. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर इटलीत वेगळ्याच वळणाचे दिवे निघाले. चित्र जवळजवळ नाही, असलाच तर एखादा छोटा मुखवटा. साधा, दणकट घाट, आणि तळाला ठसठशीत उठावाच्या अक्षरांत कारखान्याचं नाव. जर्मन अभ्यासकांनी त्यांना 'फिर्मालाम्पेन', म्हणजे कंपनीचे दिवे, असंच नाव दिलं. फोर्टिसचा दिवा ब्रिटनपासून डॅन्यूबपर्यंत सापडतो. २००८ मध्ये मोडेना शहरात (रोमनांचं मुटिना) खोदकाम करताना कुंभारांचा उकिरडा लागला. भाजताना बिघडलेले, फेकून दिलेले दिवे, आणि त्यांवर फोर्टिसबरोबर स्ट्रोबिलुस, कोम्युनिस, युकार्पुस ही नावंही, सगळी एकाच ढिगात. म्हणजे आपल्याला 'प्रतिस्पर्धी ब्रँड' वाटणारी मंडळी एकमेकांच्या शेजारीच धंदा करत होती.

मी कामानिमित्त याच भागात राहतो, म्हणून हा किडा डोक्यात शिरला. जाणकारांनी भर घालावी.

उगाच विचारतो

मस्त धागा. भाबडा प्रश्न: दिव्यात ऑलिव्ह ऑईल जाळायचे म्हणे? आमच्याकडे बाटलीची किंमत बघून सॅलडवर थेंब मोजून टाकतात हो.

खापरशोध्या

@उगाच विचारतो, भूमध्य समुद्राच्या काठी ते घाण्यावरचं रोजचं तेल होतं. चांगलं खायला, उरलंसुरलं हलक्या प्रतीचं दिव्याला. इजिप्तमध्ये ऑलिव्ह कमी, तिथे एरंडेल चालायचं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं त्याच्या वासाबद्दल नाक मुरडून ठेवलंय, तेही रोमनांच्या कितीतरी आधी.

उलट बाजू बघा. जिथे ऑलिव्ह पिकत नाही तिथे दिवा महाग पडतो. ब्रिटनमध्ये मातीचे दिवे मिळतात ते बरेचसे लष्करी छावण्या आणि मोठ्या शहरांत. खेड्यापाड्यांत चरबीच्या मेणबत्त्या आणि चुलीचा उजेड. सैनिकाला तेल सरकारी रसदीतून यायचं, शेतकऱ्याला कोण देणार?

वात बहुधा जवसाच्या धाग्याची. एका वनस्पतीची लवदार पानंही वातीला वापरत, असं प्लिनी हा रोमन लेखक लिहितो. उजेड म्हणाल तर एका वातीचा एका मेणबत्तीएवढा. म्हणून पुढे दोन, सात, बारा तोंडांचे दिवेही केले, पण तेल त्या हिशोबानं जळणार.

मातीकाम

माझा मातीकामाचा स्टुडिओ आहे, म्हणून साच्यावर थोडं लांबण लावते. खापरशोध्या, तुम्ही 'साच्यातून दिवेच दिवे' म्हणून एका ओळीत संपवलंत, पण खरी गंमत तिथेच आहे.

साचा प्लास्टरचा किंवा भाजलेल्या मातीचा. दोन्ही अर्धुकांना काठावर खुंटी आणि खड्डा करतात, म्हणजे जोडताना दोन्ही भाग बरोबर एकमेकांवर बसतात. मातीची पोळी साच्यात घालून अंगठ्यानं कोपऱ्याकोपऱ्यात दाबायची. फुटलेल्या दिव्याच्या आतल्या बाजूला ही बोटं दिसतात, बाहेरून कितीही गुळगुळीत असला तरी. साचा पाणी शोषतो, माती आकसते आणि आपणहून सुटते. ती चामड्याएवढी कडक झाली की दोन्ही भागांच्या कडा खरवडून, पातळ मातीचा घोळ लावून जोडायच्या. मग सांधा पुसायचा आणि तेलाचं व वातीचं भोक पाडायचं. ही भोकं शेवटी पाडतात, म्हणून घाईच्या कामात तेलाचं भोक चित्रावरच येतं. घोड्याच्या पोटात, योद्ध्याच्या गुडघ्यात. ज्यानं मूळ चित्र कोरलं त्यानं भोकासाठी जागा सोडलेली असते. नंतरच्या माणसाला त्याचं सोयरसुतक नसतं. शेवटी रंगीत मातीच्या पाण्यात बुचकळायचं आणि भट्टी. तो थर दिसायला छान, शिवाय तेल पाझरणंही कमी होतं.

आता नकलेबद्दल. मूळ नमुना किंवा मूळ साचा तुमच्याकडे नाही, पण बाजारातून विकत आणलेला दिवा आहे. मग त्या दिव्यावरूनच साचा काढायचा. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत हा प्रकार कुणालाही ठाऊक असेल: दुसऱ्याची मूर्ती आणून तिच्यावर साचा मारला की सोंडेचे वळसे आणि दागिन्यांची नक्षी बुजते, मग कारागीर ती कोरणीनं पुन्हा काढत बसतो. दिव्यांचंही तेच. त्यात भाजलेल्या मातीला आणखी एक खोड आहे, ती आकसते. सुकताना थोडी, भट्टीत थोडी. सोपा हिशोब म्हणून दहा टक्के धरा. मूळ साचा दहा सेंटिमीटरचा, तर दिवा नऊचा. त्या दिव्यावरून साचा काढून केलेला दिवा आठ पूर्णांक एकचा. पुढचा सात पूर्णांक तीनचा. प्रत्येक पिढीला दिवा लहान आणि चित्र पुसट. चौथ्या पिढीतल्या ग्लॅडिएटरला नाकडोळे नसतात, नुसता गोळा.

त्यामुळे तुमचा मुद्दा मला अर्धाच मान्य. भाजणाऱ्यानं चित्र काढलं नाही हे खरं. पण पुसट झालेल्या साच्यावर कुणीतरी टोकदार काडीनं डोळे पुन्हा काढतं, केस काढतं, आणि ते मूळच्यापेक्षा वेगळे येतात. ते हात त्या गावच्या कुंभाराचे. मी तरी त्याला कारागिरी म्हणेन.

निशाचर

मातीकामताई, प्रतिसाद एक नंबर. वाचनखूण साठवली आहे.

ते शयनगृहवाल्या दिव्यांचं मात्र एका वाक्यात उरकलंत, खापरशोध्याराव. (संपादकांनी प्रतिसाद उडवू नये, प्रश्न शुद्ध पुरातत्त्वीय आहे.)

खापरशोध्या

शुद्ध पुरातत्त्वीय उत्तर: ते दिवे काही चोरून विकायची वस्तू नव्हते. घरांत, दुकानांत, छावण्यांत, सगळीकडे बाकीच्या दिव्यांत मिसळलेले सापडतात. कुंटणखान्याचे म्हणून वेगळे काढता येतील असे नाहीत. मार्शल या कवीनं सणाला द्यायच्या भेटवस्तूंवर दोन-दोन ओळी लिहिल्या आहेत, त्यात शयनगृहातला दिवा स्वतः बोलतो. भावार्थ असा: गादीवरचं सगळं मला ठाऊक आहे, तुम्ही खुशाल काय ते करा, मी गप्प राहीन.

अपुलियस या रोमन लेखकाच्या गोष्टीत मात्र दिवा गप्प राहत नाही. सायकी झोपलेल्या नवऱ्याचा चेहरा बघायला दिवा वर धरते, तेलाचा तापलेला थेंब त्याच्या खांद्यावर पडतो आणि पुढचं सगळं रामायण घडतं.

पण मला आवडतो तो ज्युवेनाल या कवीनं केलेला उल्लेख. शाळामास्तरांच्या हलाखीवर लिहिताना तो सांगतो की पोरं उजाडायच्या आत आपापले दिवे घेऊन वर्गात येतात. जितकी पोरं तितक्या वाती, त्यांचा वास मास्तरांच्या नाकात, आणि हॉरेस, व्हर्जिल या कवींची पुस्तकं काजळीनं काळीठिक्कर. पगार मात्र मागून घ्यावा लागतो.

तळटीप

फोर्टिसबद्दल थोडं वाकडं बोलतो, राग नसावा.

'साम्राज्यभर पसरलेला ब्रँड' हे चित्र फार आधुनिक आहे. ऱ्हाईनकाठच्या, डॅन्यूबकाठच्या फोर्टिस दिव्यांच्या मातीचं रासायनिक विश्लेषण झालेलं आहे. त्यातले पुष्कळ दिवे स्थानिक मातीचे निघतात. म्हणजे ते मोडेनाहून गेलेलेच नाहीत. आता मातीकाम यांचा प्रतिसाद या मुद्द्याला जोडून बघा. या दिव्यांवरचं नाव नंतर मारलेला शिक्का नाही, ते साच्यातच आहे, उठावाच्या अक्षरांत. बाजारातून आणलेल्या फोर्टिसवर साचा मारला की नाव आपोआप उतरणार. नक्कल करणाऱ्याला वेगळी फसवणूक करायची गरजच नाही. त्याला ती अक्षरं वाचता येत होती की नाही, इथपासून प्रश्न. आणि अडवणार कोण? आजच्यासारखा ट्रेडमार्कचा कायदा रोमनांकडे नव्हता. तेव्हा फोर्टिस हा एका माणसाचा कारखाना म्हणून सुरू झाला आणि नंतर नुसता घाटाचा भाग होऊन बसला, असं माझं मत.

खापरशोध्या

@तळटीप, राग कसला! स्थानिक माती मान्य. पण स्थानिक माती म्हणजे चोरीच असं का? १९८० मध्ये विल्यम हॅरिस यांनी याच प्रश्नावर लेख लिहिला होता. त्यांचा कल शाखांकडे होता: मालक इटलीत, आणि त्याचा गुलाम किंवा मुक्त केलेला गुलाम प्रांतात जाऊन मालकाच्या वतीनं धंदा थाटतो. रोमन कायद्यात अशा व्यवस्थापकाला जागा होती. दिव्यांसारखा स्वस्त, सहज फुटणारा माल आल्प्स ओलांडून नेण्यापेक्षा साचे आणि माणूस पाठवणं परवडणारं.

अर्थात माल जातच नव्हता असंही नाही. १८८१ मध्ये पॉम्पेईत एक खोकं सापडलं, अजून न उघडलेलं. आत दक्षिण गॉलमधले (म्हणजे आजच्या फ्रान्समधले) नव्वद नक्षीदार लाल वाडगे, आणि त्यांच्याबरोबर उत्तर इटलीचे जवळपास चाळीस दिवे. माल नुकताच उतरवलेला असावा, इ. स. ७९ मध्ये वरून राख पडली आणि सगळं तसंच राहिलं. गॉलचे वाडगे आणि उत्तर इटलीचे दिवे एका खोक्यात कसे? वाटेत कुणीतरी घाऊक व्यापारी बसलेला होता, त्यानं दोन्हीकडचा माल एकत्र बांधला. हा व्यापारी आपल्या दोघांच्याही चर्चेत नाही, आणि मला वाटतं फोर्टिसचं नाव त्यानंच मोठं केलं.

रानजाई

सणावाराला खास दिवे असायचे का? फराळाच्या ताटाबरोबर दिवा भेट द्यावा तसं काही?

खापरशोध्या

होते की! नववर्षाचे दिवे हा वेगळा प्रकारच आहे. पंखवाली विजयदेवता गोल ढाल धरून उभी, आणि ढालीवर बारीक अक्षरांत 'नवीन वर्ष शुभ आणि सुखाचं जावो'. भोवती भेटीच्या वस्तू: खजूर, अंजीर, दुतोंडी जानस देवाचं नाणं. ओव्हिडनं एक जानेवारीच्या भेटवस्तू म्हणून खजूर, अंजीर, मध आणि नाणी हीच यादी दिली आहे, म्हणजे दिवा आणि कवी एकमेकांना साक्ष देतात. गंमत म्हणजे काही दिव्यांवर शुभेच्छा 'तुला' अशी आहे, तर काहींवर चक्क 'मला'. मला नवीन वर्ष सुखाचं जावो! मनातलं बोलणारा माणूस.

हरिप्रिया

दिव्याच्या धार्मिक बाजूवर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

प्लुटार्क या ग्रीक लेखकानं रोमन चालीरीतींवर प्रश्नोत्तरं लिहिली, त्यात एक प्रश्न आहे: रोमन लोक दिवा मुद्दाम विझवत का नाहीत, आपोआप शांत होईपर्यंत का ठेवतात? त्यानं एकच उत्तर न देता चार-पाच शक्यता मांडल्या आहेत. ज्योत ही मंदिरातल्या अखंड अग्नीची बहीण, किंवा ती जिवंत प्राण्यासारखी, हलते, खायला मागते, मग तिला मारावं कशाला?

थडग्यांत दिवे ठेवत, आणि त्यातले कित्येक कधी पेटवलेलेच नसतात. तोंडाला काजळी नाही यावरून ते कळतं. रोममध्ये १९९९ साली भूमिगत पार्किंगसाठी खणताना आन्ना पेरेन्ना देवीचा झरा सापडला. त्यात सत्तरेक दिवे, बरेचसे कोरे. त्यातल्या काहींच्या पोटात गुंडाळलेले शिशाचे पत्रे, आणि त्यांवर शत्रूला दिलेले शापताप!

ख्रिस्ती लोकांची पंचाईत वेगळी. सम्राटाच्या उत्सवात दाराशी दिवे लावणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखकच कडाडून टीका करतो. इ. स. ३९२ मध्ये सम्राट थिओडोसियसनं जुन्या देवांची पूजा बंद केली, त्या फर्मानात घरच्या देवांपुढे दिवा लावण्यालाही बंदी होती. पण कुंभाराला धर्माचं काय! रोमजवळ अन्नियस सेरापिओदोरस नावाचा एक कारखानदार होता, इ. स. २०० च्या आगेमागे. त्याच्या दिव्यांवर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ आहे, आणि जुन्या देवादिकांची चित्रंही आहेत. तो मेंढपाळ ख्रिस्ती माणसानं आपला समजून घ्यावा, दुसऱ्यानं नुसता मेंढपाळ समजून. पुढे चौथ्या-पाचव्या शतकात ट्युनिशियातले तांबडे दिवे आले, त्यांवर मात्र ख्रिस्ताचं चिन्ह सरळसरळ, मोठं, तबकडी भरून.

वेताळ टेकडी

आपल्याकडे मिळालेत का हो? रोमन नाणी, मद्याचे कुंभ मिळतात म्हणून ऐकून आहे.

तळटीप

@वेताळ टेकडी, पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडूला पुरातत्त्वज्ञ व्हीलरनं १९४५ मध्ये खणलं, तिथे कुंभ आणि लाल भांड्यांबरोबर रोमन दिव्याचा तुकडा मिळाला होता. व्यापाराला आलेल्या कुणीतरी सोबत आणला असेल, विकायला आणण्यासारखी ती चीज नाही. इथे पणती होतीच.

महाराष्ट्रात या विषयाच्या जवळ जाणारी गोष्ट धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावची. रोमन नाण्यांची मातीत केलेली नक्कल, भोक पाडून गळ्यात घालायची. साचा दाबून सम्राटाचा मुखवटा उतरवलेला. खऱ्या नाण्यावरून मातीचं पदक, म्हणजे मातीकाम सांगतात तोच उद्योग, इथल्या कारागिरांनी केलेला. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीची पोसायडनची कांस्यमूर्ती तर प्रसिद्धच आहे, टाऊन हॉल म्युझियममध्ये जाऊन बघा.

सोमवारपेठी

मी असा एक दिवा ऑनलाइन लिलावात घेतलाय. ससा आहे. 'अस्सल, पहिलं शतक' असं प्रमाणपत्रही आलंय. खरा असेल का?

खापरशोध्या

सोमवारपेठी, प्रमाणपत्र विकणाऱ्यानंच दिलं असेल तर त्याचं काही खरं नाही. साचे आजही काढता येतात, आणि एकोणिसाव्या शतकात नेपल्सला येणाऱ्या प्रवाशांसाठी असे दिवे सर्रास बनत. खरा निघाला तर जास्त अवघड. इटलीत १९०९ च्या कायद्यापासून जमिनीतून निघालेली वस्तू सरकारची, त्यामुळे ती कधी आणि कुठून बाहेर आली याचे कागद हवेत. ते नसतील तर शक्यता ही की कुणीतरी रात्री थडगं उकरलं, आणि बरोबर काय होतं ते कायमचं गेलं. पुन्हा घेऊ नका, हा आगाऊ सल्ला.

झुरिककर

पॉपकॉर्न घेऊन वाचत होतो. इथून ब्रुग ट्रेननं अर्ध्या तासावर आहे, तिथल्या विंडोनिसा या रोमन छावणीच्या म्युझियमबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून आश्चर्य वाटलं.

खापरशोध्या

झुरिककर, बरी आठवण केलीत! रोमन दिव्यांचं आजही वापरलं जाणारं वर्गीकरण तिथल्याच मालावर उभं आहे. लोश्के या जर्मन अभ्यासकांनी १९१९ मध्ये विंडोनिसाच्या छावणीतले दिवे प्रसिद्ध केले. तोंड टोकदार, तोंड गोल, बाजूला वेलांट्या आहेत की नाहीत, अशा घाटांवरून रोमन आकड्यांचे प्रकार पाडले. सैन्यानं छावणीचा कचरा वर्षानुवर्षं एकाच उतारावर टाकला, तो उकिरडा म्हणजे सोन्याची खाण निघाली. सैन्य इ. स. १०१ च्या सुमारास तिथून हललं, म्हणून त्या ढिगातला माल त्याआधीचा धरता येतो.

मातीकाम

झुरिककर, जाणार असाल तर एक काम करा. फोर्टिसचे दिवे शेजारी शेजारी मांडलेले असतील तर लांबीची मापं बघा, फलकावर असतील किंवा म्युझियमवाल्यांना विचारा. शाखेला मूळ साचा पाठवला असेल तर प्रांतातला दिवा मोडेनाच्या दिव्याएवढाच भरेल. बाजारातल्या दिव्यावर साचा मारला असेल तर दहाव्या हिश्श्यानं लहान, आणि अक्षरांच्या कडा बोथट. तुमच्या दोघांच्या भांडणाचा निकाल पट्टीनं लागेल.

तळटीप

पट्टीला माझी हरकत नाही, पण एक अडचण सांगून ठेवतो. हे कारखाने मुळातच लहान-मोठ्या मापांत दिवे काढायचे. लहान दिवा दिसला की तो नातू आहे की मुळातच धाकटा, ते नुसत्या लांबीवरून कळणार नाही. अक्षरांचे फोटो तिरप्या उजेडात काढून आणा, तळाचे.

झुरिककर

शनिवारी जातो. तळ दिसेल असे ठेवले असतील तर फोटो इथेच टाकतो.